एक टिंब आणि एक ग

चित्रकलेच्या बाईला शाळेत काय मान असतो, ते सांगत बसत नाही. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जायचा आणि गॅदरिंग जवळ आलं की अख्खी शाळा माझ्या गळ्यात पडायची. महाडात सव्वीस वर्षं मी हे केलं. हजारो मुलांना सफरचंद काढायला शिकवलं. त्यांतल्या निम्म्यांनी तोवर सफरचंद खाल्लंही नसेल. आठवण मात्र येते ती अशा एका माणसाची, ज्याला मी काहीच शिकवलं नाही. उलट त्याच्याशी एक लबाडी केली. तेच सांगायला बसले आहे.

तो आला तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. एमआयडीसीत नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या टाक्या रंगवायला एका ठेकेदाराने मुंबईहून माणसं आणली होती. टाक्या झाल्या, ठेकेदार माणसं घेऊन गेला, हा एकटा मागे राहिला. का राहिला ते मला फार पुढे कळलं. एसटीतून येताना दासगावपाशी त्याला भरतीची सावित्री नदी दिसली होती आणि तेवढ्यावर त्याने ठरवलं होतं, की आपण इथेच राहायचं. एके सकाळी ब्रशांची पिशवी घेऊन तो शाळेच्या फाटकाशी आला. फळे काळे करायचे आहेत का, असं विचारायला.

फाटकावर आमचे शिपाईमामा. पोलादपूरच्या डोंगरातले, उमरठच्या पलीकडच्या वाडीचे. मामांचा नियम असा, की माणूस कुणाचा आणि कुठला हे कळल्याशिवाय त्याला आत सोडायचं नाही. मग तो शिक्षणाधिकारी का असेना.

"कुठचा रे तू?" मामांनी विचारलं.

"रोहांग," तो म्हणाला.

आता यात मामांचा काही दोष नाही. रायगड जिल्ह्यात उभं राहून कुणी 'रोहां' एवढं म्हणाला, की पुढचं अक्षर ऐकायला थांबतंय कोण? त्यातून मामांची थोरली मुलगी रोह्याला दिलेली.

"रोह्याचा? आरं मंग आदी नाय का सांगायचं! माजी ल्येक दिलीय तितं. बस, बस. च्या घे."

झालं. लेकीच्या गावचा माणूस म्हणजे पाहुणा. मामा असे कडक, की नातू होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी प्यायले नव्हते; तिला भेटायला जाताना बरोबर पाण्याची बाटली न्यायचे. अशा माणसाच्या दारात लेकीच्या गावचा माणूस उपाशी राहतोय होय? संध्याकाळपर्यंत त्याच्या जेवणाची सोय मामांच्या खोलीवर झाली होती आणि आठवडाभरात झोपायची सोय शाळेच्या जुन्या लाकूडसामानाच्या खोलीत. हेडसरांना मामांनी सांगितलं, "पावना हाय आमचा." सगळी शाळा त्याला रोहेकर म्हणू लागली. बाजारपेठेतही तेच नाव गेलं. त्याचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि मीही ते इथे लिहीत नाही.

त्याला मराठी येत नव्हतं. जे शिकला ते मामांकडून, त्यामुळे दोन वर्षांत तो अस्सल पोलादपुरी बोलायला लागला. 'नाय', 'हाय', 'कुटं' सगळं. हिंदी बोलायला गेला की बंगालीसारखं काहीतरी बाहेर पडायचं. मला वाटायचं, असेल बुवा रोह्याकडच्या मुसलमानांची एखादी बोली. चित्रकलेच्या बाईचं भूगोलाचं ज्ञान ते केवढं!

आणि त्याला वाचताही येत नव्हतं. निदान देवनागरी तरी. हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला, कारण तोवर निम्म्या बाजारपेठेच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. अक्षर म्हणजे त्याला चित्र. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देईल ते हा पाटीवर जसंच्या तसं उतरवायचा, आणि असं उतरवायचा की छापखान्याने लाजावं. एका टेलरने चिठ्ठीवर 'स्पेशालिस्ट' लिहिताना एक अक्षर चुकवून खोडलं होतं. याने ती खोडदेखील पाटीवर काढली, लाल रंगात, खाली काळी सावली देऊन. टेलर चिडून माझ्याकडे आला. तेव्हापासून अशी पद्धत पडली, की मजकूर मी खडूने पाटीवर लिहून द्यायचा आणि रोहेकराने त्यात रंग भरायचा. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात आमचा हा उद्योग चालायचा. मी लिहायची, तो भरायचा. मला त्याचा हात बघत बसायला आवडायचं. माझा हात एवढा स्थिर कधीच नव्हता. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं, आता करते.

शुक्रवारी तो दासगावला जायचा. नमाज महाडातही होत होती, पण त्याला दासगावच लागायचं. नमाज झाली की खाडीच्या कडेला बसून राहायचा. मामा चिडवायचे, "पावनं, मासं मोजायला गेल्ता काय?" तो हसायचा. मामींनी तांदळाची घावनं केली की मात्र गप्प होऊन खायचा. एकदा म्हणाला, "आमच्यात बी असंच अस्तं, मामी. फकस्त नाव येगळं." मामी म्हणाल्या, "रोह्याला काय म्हंतात रे घावनांना?" त्याने ताटातून मान वर केली नाही.

मग भिंतीचं निघालं. शाळेच्या कंपाउंडची रस्त्याकडची भिंत लांबलचक होती, आणि पुरुष मंडळी तिचा कशासाठी उपयोग करतात ते सांगायला नको. हेडसरांनी सगळे उपाय केले. शेवटी म्हणाले, "बाई, चित्रं काढा. चित्रापुढे माणूस जरा तरी लाजेल." विषय ठरला 'आपला जिल्हा'. एकेका तालुक्याला एक चौकट. मुलांनी आणि गावातल्या पेंटरांनी मिळून रंगवायच्या. महाडच्या चौकटीत रायगड हवा की सवचे गरम पाण्याचे झरे, यावरून शिक्षकखोलीत दोन दिवस भांडण झालं. मी दोन्ही काढले. पोलादपूरचे डोंगर मामांनी शेजारी उभं राहून काढून घेतले. "आमची वाडी ह्यो शेंडा उतरला का लगीच, बाई. लगीच." चित्रात ती वाडी एवढी मोठी झाली, की तालुक्याचं ठिकाणच वाटावं.

रोह्याची चौकट कुणाला द्यायची, याची चर्चासुद्धा झाली नाही. रोहेकर होता ना.

त्याने ती चौकट आठ दिवस घेतली. इतर पेंटर चौकटी उरकून गेले, हा रोज सकाळपासून तिथेच. चौथ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत बघायला गेले आणि बघतच राहिले. एवढी रुंद नदी, की पलीकडचा काठ नुसता निळा. दोन्ही टोकं चंद्रकोरीसारखी वर वळलेल्या होड्या. बांबूची घरं, खांबांवर उचललेली. पत्र्याच्या छपराची लाकडी मशीद. काठावर कुस्तीचा फड आणि भोवती लुंगीतले पुरुष. भाताची खाचरं मात्र थेट आपली. आणि सगळ्यांच्या पुढे, चुलीपाशी बसलेली एक बाई. कमरेला फुलांचं लुंगीसारखं वस्त्र, डोक्यावर ओढणी, आणि दोन्ही गालांवर पिवळट लेपाचे गोल ठिपके.

मी म्हटलं, "अरे, कुंडलिका नदी एवढी रुंद नाही. आणि रोह्यात बायका गालाला हळद लावून कधी बसतात?"

तो ब्रश पुसत राहिला. मग म्हणाला, "हळद नाय, बाई. झाडाची साल उगाळून लावत्यात. ती माजी आई हाय."

ब्रश डब्यात ठेवून म्हणाला, "आन् ह्ये रोहा नाय. ह्ये रोहांग हाय."

त्याने शेवटच्या अक्षरावर जोर दिला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी ते अक्षर ऐकलं.

मी त्याला चित्रकलेच्या खोलीत घेऊन गेले आणि अ‍ॅटलास उघडला. कलकत्त्याच्या पुढे, बांगलादेशच्या शेवटच्या टोकाच्या पुढे, नाफ नावाची नदी ओलांडून, ब्रह्मदेशच्या कडेला त्याने बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत 'आराकान' लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, ते राजाचं नाव, सरकारचं नाव. आमची माणसं रोहांग म्हणतात. रोहांगचे म्हणून आम्ही रुआंग्या.

"हितं नाय लिवलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"त्येंनी बी नाय लिवलं," तो म्हणाला.

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. तिथले शिपाई आले, कागद मागितले, कागद बघून म्हणाले, तुम्ही इथले नाहीत, बंगाली आहात. आजोबा तिथले, पणजोबा तिथले, कबरी तिथल्या. आईला घेऊन तो नदी उतरला. आई नदीअलीकडे छावणीत राहिली, हा कामासाठी पुढे निघाला तो निघालाच.

"तितं बंगाली म्हनले. बंगालात गेलो, तर बर्मी म्हनले. मुंबईत परत बंगाली. एकट्या मामांनी रोह्याचा म्हनलं. जरा चुकलं, पन सगळ्यांत जवळ त्येच व्हतं."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. मला असं पटकन रडू येत नाही, घरचे मला दगड म्हणतात. तो संकोचून उठला. दारापाशी थांबून म्हणाला, "बाई, एक काम व्हतं. चौकटीच्या खाली नाव टाकायचंय. त्येवडं तुमी लिवून द्या. कुटल्याच भितीवर आमचं नाव नाय. हितं तरी असू दे."

मी म्हटलं, देते. काय मोठंसं!

पण ते दिवस चांगले नव्हते. मुंबईत दंगली होऊन गेल्या होत्या आणि त्यांची धग आमच्यापर्यंत आली होती. परक्या बोलीच्या माणसाला रस्त्यात थांबवून कागद विचारले जात. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या विटाकामाच्या मजुरांना चौकशीला नेल्याचं मी ऐकलं होतं. त्यात चित्रांच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब लोक येणार. हेडसरांनी फेरी मारली, रोह्याच्या चौकटीपुढे दोन मिनिटं उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बाई, छान आहे. पण उद्या कुणी काही विचारलं, तर उत्तर तुम्ही द्यायचं."

घरी आले आणि विचार करत बसले. 'रोहांग' लिहिलं, तर कुणीतरी विचारणार, हे कुठे आलं? मग ते कुणी काढलं? मग त्याचे कागद बघू. मग त्याला शाळेत कुणी ठेवलं? यांतला शेवटचा प्रश्न माझ्या मनात सगळ्यांत आधी आला होता, हे मी आज लिहिते. तेव्हा मात्र स्वतःला सांगितलं, की हे सगळं त्याच्याच भल्यासाठी. भित्रा माणूस नेहमी दुसऱ्याच्या भल्याचा विचार करतो.

दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गेले. तो चौकटीच्या खाली सुतळीने रेघ मारून, अक्षरं कुठून सुरू करायची त्याची खूण करून तयार बसला होता. आंघोळ करून, केस विंचरून. मी लिहिलं, 'रोहा'.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

तो गुडघे टेकून बसला आणि त्याने ती दोन अक्षरं भरली. सगळ्यांत चांगला ब्रश काढला होता. आधी पांढरा, मग त्यावर निळा, मग बाजूने बारीक सोनेरी रेघ. एवढं सुंदर अक्षर त्याने बाजारपेठेत कुणालाही काढून दिलं नव्हतं. मी शेजारी उभी होते. त्या अर्ध्या तासात मला वाटलं, की आत्ताच्या आत्ता त्याचा हात धरावा आणि सांगावं. सांगितलं नाही.

उद्घाटन झालं. साहेबांमध्ये एकजण रोह्याकडचे निघाले. चौकटीपुढे थांबून म्हणाले, "हे आमचं रोहा? कधीचं म्हणायचं हे?" मी फटकन म्हटलं, "जुनं, साहेब. फार जुनं." ते मान डोलावून पुढे गेले. साहेब लोकांना जुनं म्हटलं की पटतं. तो त्या दिवशी नवा शर्ट घालून चौकटीपाशी उभा होता. शाळेची मुलं त्याच्या आईपुढे गर्दी करून होती, 'ही बाई आपल्याकडेच बघते' म्हणून. बाजारपेठेतला फोटोवाला आला, तेव्हा त्याने चौकटीशेजारी उभं राहून एक फोटो काढून घेतला. नाव नीट यायला पाहिजे, असं फोटोवाल्याला तीनदा बजावून. तो फोटो त्याने मुंबईतल्या एका गाववाल्याच्या हाती दिला आणि तो हातोहात, कुठून कुठून, नदीकाठच्या छावणीत त्याच्या आईकडे गेला.

मला वाटलं, संपला विषय. भिंतीवर चित्र आहे, माणूस सुखरूप आहे, कुणाचं काय बिघडलं?

सहा-सात महिन्यांनी छावणीतून उत्तर आलं. पत्र नव्हे, कॅसेट. आईला लिहिता येत नाही, तिने बोलून पाठवलं होतं. शाळेतला टेप माझ्या खोलीत असायचा, म्हणून तो मधल्या सुट्टीत कॅसेट घेऊन आला. मामाही आले; लेकीच्या गावच्या माणसाच्या आईचा आवाज ऐकायचा, म्हणून टोपी सारखी करून बसले.

आवाज म्हाताऱ्या बाईचा, थोडा घोगरा, मधे कोंबडा आरवला. तो ऐकत होता आणि थांबवून थांबवून आम्हाला सांगत होता. आई म्हणते, पोरा, वाळला आहेस. आई म्हणते, मला चुलीपाशी का बसवलंस, मला होडीत बसवायचं. मामा खळखळून हसले. पुढचं वाक्य त्याने टेप मागे घेऊन पुन्हा ऐकलं. आई म्हणते, फोटो सगळ्या झोपड्यांतून फिरवून आणला. म्हाताऱ्यांनी नावावरून बोट फिरवलं. हिंदुस्थानच्या अक्षरांत आपलं रोहांग असं दिसतं, म्हणून पोरांनी मातीत काडीने काढून बघितलं. हिंदुस्थानात एका शाळेच्या भिंतीवर आपलं नाव आहे, असं आता सगळी छावणी म्हणते.

मी टेप बंद केला. पुढे काय होतं कुणास ठाऊक, मला ऐकवेना. मी म्हटलं, "अरे, मी ते लिहिलं नाही. मी 'रोहा' लिहिलं. मी तुला फसवलं."

मामा माझ्याकडे बघायला लागले. त्याने कॅसेट काढली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं.

"ठाव हाय, बाई."

"काय ठाऊक आहे?"

"एक टिंब आन् एक ग ऱ्हायलाय. वाचाया येत नसंल, पन ग येतो मला. रायगड, गणेश, गॅरेज... महाडात रोज ग काडतो मी. आन् 'रंग'ला टिंब बी अस्तं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुमी घाबरलेल्या. घाबरलेला मानूस मला लगीच कळतो, बाई. लय बघितल्यात."

मग आईला 'रोहांग लिहिलंय' असं का कळवलंस, असं विचारायचं होतं, पण ते विचारणारी मी कोण? म्हटलं, चल, आत्ता लिहू. मी खडू आणते. त्यावर तो उठला आणि म्हणाला, "आता नको. भ्या वाटायचं थांबंल तवा लिवा." रागाने म्हणाला नाही. तसा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

भीती थांबायला मला किती दिवस लागावेत? पहिले आठ दिवस मी रोज ठरवलं. मग परीक्षा आल्या. मग सुट्टी लागली. मग पावसात रंग धरत नाही म्हणून दिवाळीनंतर करू, असं झालं. आमच्या पाट्यांचं काम चालूच होतं. मी लिहायची, तो भरायचा. पूर्वीसारख्या गप्पा होत नव्हत्या, पण त्याने मला एका शब्दाने टोचलं नाही. मीच उगाच त्याच्यावर खेकसायची, हा निळा गडद झाला, ती मात्रा वाकडी झाली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?

दिवाळीनंतर मुंबईच्या गाववाल्याचा निरोप आला. छावणीतल्या माणसांना परत नदीपार पाठवायला सुरुवात झाली होती. ट्रकात बसवून, याद्या करून. त्याच्या आईची झोपडी कुठल्या यादीत आहे, कुणी सांगू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो निघाला. मामींनी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. मामा त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेले, लेकीच्या गावच्या पाहुण्याला सोडायला जावं तसे, हातात त्याची पिशवी घेऊन. मी वर्गावर होते. तो खिडकीशी येऊन गेला, मुलांनी ओरडून सांगितलं, "बाई, रोहेकर!" मी बाहेर येईपर्यंत तो फाटकाबाहेर पडला होता. त्याने लांबून हात केला. मला धावत जायला हवं होतं. वर्ग सोडून बाई धावत कशी जाणार, म्हणून मी उभी राहिले.

त्याच रविवारी मी एकटी भिंतीशी गेले, निळा आणि सोनेरी रंग घेऊन. खाली बसले, तेव्हा लक्षात आलं, की 'रोहा' चौकटीच्या मधोमध नाही. डावीकडे सरकलेलं आहे. एवढ्या काटेकोर माणसाची ही चूक मला वर्षभर दिसली कशी नाही? ती चूक नव्हती. उजवीकडे त्याने एका अक्षराची जागा सोडली होती, ओलावा येऊ नये म्हणून तिला तेलाचा हातही दिला होता. मी 'हा'वर टिंब दिलं आणि त्या जागेत ग काढला. बरोबर बसला. माझा ग थोडा तिरका आला.

सोमवारी मामा बघायला आले. त्यांना वाचता येत होतं. टोपी मागे सारून त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "आता बरोबर झालं."

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, माजी ल्येक हाय तितं. रोह्याच्या मानसाला रोह्याचा स्टँड कुटं हाय ठाव नाय, मंग तो रोह्याचा कसला? पैल्याच म्हयन्यात कळलं."

"मग पाहुणा पाहुणा का करत राहिलात?"

"मंग काय हाकलून देयाचा? एकदा पावना म्हनलं, म्हनलं."

म्हणजे भीती फक्त मला होती. सगळ्या गावाची भीती मी एकटीने वाहिली, गावाने ती मागितलीसुद्धा नव्हती. हेडसरांनी ते नाव वाचलं आणि विचारलं, "बाई, रोहांग म्हणजे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि चष्मा पुसत ऑफिसात गेले. पोलीस आले नाहीत, कुणीच आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं नवी मुलं विचारायची, बाई, हा कुठला तालुका? आणि मी प्रत्येक वेळी अ‍ॅटलास काढून दाखवायची. सफरचंदं कमी काढली त्या वर्षांत, पण त्या वर्गांतल्या पोरांना नाफ नदी दाखवता यायची.

तो परत आला नाही. दोनदा मुंबईहून निरोप आला, की कलकत्त्यात दिसला. नंतर तोही नाही. त्याचे लोक हैदराबादेकडे आहेत असं ऐकलं, तेव्हा तिथे जाणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला मी त्याचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, या नावाची पंधरा माणसं भेटली, बाई, यांतला तुमचा कुठला? रस्ता रुंद झाला, तेव्हा ती भिंत गेली. मी तेव्हा निवृत्त झाले होते. पेपरात हल्ली 'रोहिंग्या' हा शब्द दिसतो, आणि त्याच्याविषयी माणसं काय काय बोलतात तेही कानावर येतं. मी भांडते. भांडून काही होत नाही, पण गप्प बसून काय होतं ते मी बघितलेलं आहे.

भिंत जाण्याच्या कितीतरी आधी, ग काढला त्याच आठवड्यात, मी फोटोवाल्याला बोलावलं होतं. नाव नीट यायला पाहिजे, असं मीही त्याला बजावलं. फोटो उत्तम आला. तो घेऊन मी स्वतः मुंबईला त्या गाववाल्याकडे गेले. म्हटलं, हा त्याच्या आईला पाठवा, मागचा चुकला होता. त्याने हात जोडले. म्हणाला, बाई, छावणीचा तो भाग रिकामा झाला. माणसं नदीपार गेली. तिकडे कुणाच्या हाती काही जात नाही.

म्हणून आमच्या दोघींकडे एकेक फोटो आहे. म्हातारी असलीच अजून, तर तिच्याकडचा फोटो मी चुकवलेला आहे, आणि तो ती लोकांना दाखवत असेल, हे बघा, आपलं नाव. बरोबर नाव असलेला माझ्या कपाटात आहे.